हेडला बडे अब्बा, टेलला आम्ही

बडे अब्बांना कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता. पण तो बंद केव्हा करायचा, हे मात्र तेच ठरवत. बडे अब्बा म्हणजे माझे थोरले चुलते. गावाचे ते उस्मानतात्या. चारचौघांत बसले की हातातली काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभी धरायचे आणि तिच्या मुठीवर हनुवटी टेकवून, समोरचा काय बोलतो ते डोळे मिटून ऐकायचे. लोकांना वाटे, केवढा विचार चाललाय. मी त्या घरात वाढले, तेव्हा खात्रीनं सांगते, विचार वगैरे काही चाललेला नसे. ते आपली पाळी कधी येते याची वाट बघत असत. पाळी आली की डोळे उघडायचे आणि समोरच्यानं काय सांगितलं याच्याशी काडीचा संबंध नसलेलं आपलं मत सांगून पुन्हा मिटायचे. ते वाईट माणूस नव्हते, असं आमच्याकडचे लोक आजही म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला. त्यांना काही त्या घरात राहावं लागलं नव्हतं.

घर भवानीनगरच्या अलीकडे, कारखान्याच्या रस्त्याला लागून. ओळीनं चार खोल्या, पुढं लांबलचक ओसरी, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी. रस्त्याकडच्या दोन खोल्या बडे अब्बा आणि बडी अम्मा यांच्या, मधली धान्याची आणि पाहुण्यांची, शेवटची माझी आणि अम्माची. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याची काजळी उडून ओसरीवर यायची. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे बारीक ठिपके पडायचे आणि ते झटकायला गेलं की जास्तच पसरायचे. मळीचा आंबूस वास दिवसभर नाकात बसलेला. भोंगा वाजला की बडी अम्मा चुलीवर भाकरीचा तवा ठेवायची. घड्याळाचं तिला काही सुधरत नसे, पण भोंग्याचं सगळं पाठ. जाडजूड, दमेकरी, बोलायला मऊ बाई. तिच्या हातचं शेंगदाण्याचं कूट घातलेलं वांगं आणि शुक्रवारचा मटणाचा रस्सा मला अजून कुठं मिळालेला नाही. आता माझ्या स्वयंपाकघरात तीन प्रकारची मसाल्याची यंत्रं आहेत आणि रश्शाला ती चव येत नाही. यंत्रांवरचा माझा विश्वास तसाही बऱ्याच आधी उडालेला आहे.

माझे अब्बा सौदीत, दम्मामला क्रेन चालवत. मी चौथीत असताना तिकडं गेले. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, ते संपलं की महिनाभर घरी, मग पुन्हा दोन वर्षं. आले की ब्लँकेटं, टॉर्च, पावडरचे डबे आणि खजूर घेऊन यायचे. ब्लँकेटं बडे अब्बांच्या पेटीत जायची, टॉर्च त्यांच्या मित्रमंडळींत, आणि खजूर गावभर. महिनाभर घरात इतकी माणसं यायची की अम्माला अब्बांशी बोलायला सापडायचं ते चहाचा कप हातात देण्याएवढंच. सापडलं तरी अब्बा परतीच्या तिकिटाचं बोलत आणि अम्मा गप्प बसे. मग ते जायचे. पुढची दोन वर्षं आमच्या वाट्याला शुक्रवार उरायचा.

मी बारामतीला कॉम्प्युटरचा क्लास लावला, तेव्हा अब्बांनी माझ्यासाठी कॉम्प्युटर घ्यायला सांगितलं. माझ्यासाठी. तो आला आणि सरळ बडे अब्बांच्या पुढच्या खोलीत बसला. कारण काय, तर "तितं हवा खेळती हाय, मशिनला हवा लागती." बडी अम्मानं त्याच्यासाठी लाल मखमलीचं झाकण शिवलं. पहिल्या दिवशी त्याला हार घातला गेला. मग कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी यायचा, ऊसतोडीचा मुकादम यायचा, विकास सोसायटीचा कुणी यायचा, आणि बडे अब्बा काठीच्या टोकानं दाखवायचे, "ह्यो टीव्ही न्हवं बरं का." टेलिफोनची तारही त्याच खोलीत. इंटरनेट लावायचं तर आधी फोन सोडावा लागे आणि मग मोडेम केकाटायला लागे, दारात शेपटी अडकलेल्या कुत्र्यासारखं. तो आवाज सुरू झाला की ओसरीवरची माणसं बोलणं थांबवून आत बघायची. मध्येच कुणी फोनचा रिसीव्हर उचलला की सगळं मुसळ केरात. बडे अब्बा दिवसातून चार वेळा तो उचलून बघायचे, लाईन आहे का म्हणून.

शुक्रवारी दुपारी, तिकडची जुम्म्याची नमाज झाली की अब्बा सायबर कॅफेत येऊन बसत आणि कॉम्प्युटरवरून बोलत. फोनपेक्षा ते स्वस्त पडायचं, म्हणून भरपूर बोलता यावं, अशी आपली अपेक्षा. झालं उलटंच. फोनवर निदान एका वेळी एकाच्याच कानाला आवाज लागायचा. इथं बडे अब्बांनी दोन मोठे स्पीकर आणून ठेवलेले. शुक्रवारी मटण शिजत असायचं, वासानं निम्मी गल्ली ओसरीवर जमलेली, आणि माझे अब्बा दम्मामहून सगळ्यांशी बोलत. बडे अब्बा खुर्चीत. ते तासभर पावसापाण्याचं, सोसायटीच्या निवडणुकीचं, कुणाच्या म्हशीचं बोलायचे. शेवटी त्यांना आठवण व्हायची की या माणसाला एक बायको आहे.

"ये गं फातिमा, बोल. पटदिशी बोल, कधी लाईन जाईल सांगता येत न्हाय."

अम्मा दाराच्या चौकटीशी उभी असायची. थोरल्या दिरासमोर ती कधी आत येऊन बसली नाही. डोक्यावरचा पदर ओढून, तिथूनच, माइककडं तोंड करून म्हणायची, "बरं हाय. तुमी बरं हाय का? जेवलात का?" पलीकडून अब्बा म्हणायचे, "व्हय. तू बरी हाईस न्हवं?" आणि कुणीतरी ओसरीवरून हसायचं. संपला संसार. नवराबायकोचं बोलणं पन्नास माणसांत व्हावं, असं ज्याला वाटतं त्याला कुटुंबवत्सल म्हणायची आमच्याकडं पद्धत आहे.

अम्माला बोलायचं काय होतं, ते मला माहीत होतं. त्या घरात ते एकट्या मलाच माहीत आहे, असं मला वाटायचं. तिला म्हणायचं होतं, की आता पुन्हा कॉन्ट्रॅक्टवर सही करू नका, घरी या. बास. एवढंच. हे तिनं आधी दोनदा सांगून बघितलं होतं, पण आमच्या घरच्या रीतीनं. म्हणजे अम्मानं बडी अम्माला सांगायचं, बडी अम्मानं बडे अब्बांना, आणि बडे अब्बांनी फोनवर अब्बांना. उत्तरही त्याच वाटेनं परत यायचं. बडे अब्बा जेवायला बसले की पहिला घास गिळून जाहीर करायचे, "सलीमला विचारलं मी. तो म्हणला, आत्ता न्हाय जमायचं. आणखी दोन वर्षं." पहिल्या वेळी हे ऐकून अम्मा न्हाणीत गेली आणि भांडी घासत बसली, स्वच्छ घासलेली भांडी पुन्हा घासत. दुसऱ्या वेळी ती न्हाणीतही गेली नाही. तिनं मानून टाकलं, की नवऱ्यालाच यायचं नाही. मला अब्बांचा इतका राग यायचा, की शुक्रवारी मी मुद्दाम क्लासला जादा वेळ थांबायची.

मग बडे अब्बांनी नवा कॉम्प्युटर घेतला. सोसायटीतल्या कुणीतरी घेतला होता, मग यांच्याकडं जुना कसा चालेल. जुना आमच्या खोलीत येऊन पडला, मखमलीच्या झाकणाशिवाय. तारेवाचून तो नुसता खोकाच. त्यावर अम्मा इस्त्रीचे कपडे ठेवायची. पण मी क्लासमध्ये शिकले होते, की एका कॉम्प्युटरचं इंटरनेट दुसऱ्याला देता येतं. शिकले म्हणजे सरांनी वहीत उतरवून दिलं होतं. आमचे सर उंटावरचे शहाणे. जन्मात त्यांनी दोन कॉम्प्युटर जोडले नव्हते. "सर, करून दाखवा की," म्हटलं तर म्हणाले, "परीक्षेला एवढंच येतं." तरी त्यांच्या त्या उताऱ्यातून मला कळलं, की पहिल्या कॉम्प्युटरवर एका चौकोनात टिचकी मारायची, दोन्हीकडं नेटवर्कची कार्डं बसवायची, मध्ये तार टाकायची, आणि पहिला चालू आहे तोवर दुसऱ्यालाही इंटरनेट मिळतं. पहिला बंद, की दुसराही आंधळा. हे शेवटचं वाक्य वाचताना मला आमचं घर आठवलं, आणि मी सरांच्या वर्गात एकटीच हसले.

बडे अब्बांची परवानगी काढायची होती. मी त्यांना पडद्यावरचा तो चौकोन दाखवला आणि सांगितलं, "हितं शेअर म्हणून लिवलंय. त्याच्यावर खूण केली की झालं."

काठीवरची हनुवटी वर आली. "काय लिवलंय?"

"शेअर."

"शेअर न्हाय देणार मी."

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. आमच्या भागात शेअर म्हणजे एकच शेअर, कारखान्याचा. शेअर असला की माणूस सभासद. सभासद झाला की त्याचा ऊस आधी तुटतो, त्याला सवलतीची साखर मिळते, सर्वसाधारण सभेत उठून बोलता येतं आणि निवडणुकीला मत पडतं. बडे अब्बांनी स्वतःचा शेअर मिळवायला किती जणांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, ते त्यांनाच ठाऊक. असा शेअर त्यांनी भावजयीला आणि तिच्या पोरीला फुकट द्यायचा?

"आज शेअर दिला, उद्या म्हणशीला, आमी बी मालक," ते म्हणाले. "मत मागशीला. मला इचारल्याबिगर लाईन चालू-बंद करशीला. त्ये जमणार न्हाय."

"अवो बडे अब्बा, ह्यो तसला शेअर न्हाय."

"शेअर त्यो शेअर. मला शिकवू नगं." ते बराच वेळ डोळे मिटून बसले. मग तोडगा निघाला. त्यांच्या तोंडावर असा काही उदारपणा पसरला, की जणू अख्खा कालवा आम्हाला बक्षीस देत होते. "एक काम कर. बिगर-सभासद म्हणून जोड. कारखाना न्हाय का बिगर-सभासदाचा ऊस घेत? घेतो. पर हक्क न्हाय. तसं."

मी त्या चौकोनात टिचकी मारली आणि म्हणाले, "जोडलं. बिगर-सभासद म्हणून." ते समाधानानं मान हलवत होते. मला वाटतं, त्या यंत्राला इतकं आमच्या मुलखाचं नाव दुसऱ्या कुणी दिलं नसेल.

तारेचं एक वेगळंच त्रांगडं झालं. बारामतीच्या दुकानदारानं कार्डं दिली आणि तार दिली. तार मधल्या खोलीच्या झरोक्यातून, धान्याच्या कणग्यांवरून, आमच्या खोलीत आणली. काही होईना. बडे अब्बांनी बघायला चार माणसं बोलावलेली. ती चहा पिऊन, "पोरीबाळींचं काम न्हवं," म्हणून गेली. पुन्हा वडापची जीप धरून बारामतीला गेले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "दोनच कॉम्प्युटर समोरासमोर जोडताय व्हय? मग उलटी तार लागती. एका टोकाला आतल्या वायरी आलटून-पालटून घ्यायच्या. आधी न्हाय का सांगायचं?" जणू मी न सांगता त्यानं विचारायला बंदी होती. उलटी तार घेऊन आले. सरळ मार्गानं काही चालायचं नाही, हे आमच्या घराच्या स्वभावाला धरूनच होतं. ती लावली आणि आमच्या जुन्या, कपडे वाहणाऱ्या खोक्यावर इंटरनेट उघडलं. अम्मा तेव्हा मेथी निवडत होती. तिनं बघितलं, "आलं का?" म्हणाली, आणि पुन्हा मेथीत मान घातली. पण मेथीच्या काड्या ती पाल्यात टाकत होती आणि पाला कचऱ्यात.

बडे अब्बांनी या सगळ्याचा त्यांच्या पद्धतीनं अर्थ लावला होता. आमची शेती कालव्याच्या चारीवर, आणि आमचं रान हेडला, म्हणजे चारीच्या तोंडाशी. पाणी आधी हेडला, मग खाली टेलला. हेडवाल्यानं दारं मोडून पाणी आपल्या रानात घेतलं की टेलवाला कोरडा. आयुष्यभर बडे अब्बांची जी काही पत होती, ती या हेडच्या जोरावर होती. टेलची माणसं त्यांना रामराम घालत, पाण्याच्या पाळीच्या दिवसांत जरा जास्तच वाकून. तर आता त्यांचा कॉम्प्युटर हेडला आणि आमचा टेलला. इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं. आमच्या क्लासच्या सरांपेक्षा बरोबर होतं. पण पुढं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं, की पाणी जसं हेडवरून दिसत जातं, तसं आमचं बोलणंही त्यांच्या कॉम्प्युटरमधून ऐकू येत जाणार. मी सांगितलं, "तसं न्हाय हुत." ते हसले. म्हणाले, "चारीत काय व्हातंय ते हेडवाल्याला कळतच."

पहिला शुक्रवार उजाडला. अब्बांना नव्या कॉन्ट्रॅक्टवर महिनाअखेरीला सही करायची होती, हे मागच्याच शुक्रवारी स्पीकरवर सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. अम्मानं सकाळीच केस धुतले. ठेवणीतली जांभळी साडी नेसली आणि मग मला म्हणाली, "त्येंला दिसत न्हाय न्हवं काय?" मी म्हटलं, "न्हाय गं, नुसता आवाज." तरी तिनं साडी बदलली नाही. पलीकडं बडे अब्बांचा तासभराचा दरबार झाला. मग ते ओरडले, "सोडलं गं तिकडं!" मी आमच्या खोलीचं दार लावलं, हेडफोन अम्माच्या कानांवर घातला, आणि भिंतीकडं तोंड करून कॉटवर बसले. अनेक वर्षांत पहिल्यांदा माझी आई माझ्या बापाशी एकटी बोलणार होती.

"बरं हाय," अम्मा म्हणाली. "तुमी बरं हाय का? जेवलात का?"

मग, "ऊस तुटला खालचा." मग, "न्हाय, ऊन न्हाय एवढं." मग, "बरं. ठेवते."

मी वळून बघितलं. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता. मी चिडले. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, पण त्यात तार, कार्ड, वडाप, बिगर-सभासद सगळं आलं. "एवढं करून दिलं, तरी तू न्हाय सांगितलंस!"

"तोंडातनं बाहेर येईना, नसीम," ती म्हणाली. "त्या माणसासंगं बोलायची सवयच न्हाय ऱ्हायली."

आज माझी मुलगी दिवसभर कानात बोंडं घालून फिरते. तिच्या खिशात एक फोन, नवऱ्याच्या खिशात दोन, आणि "हॉटस्पॉट दे" म्हटलं की भिंतीपलीकडून इंटरनेट मिळतं, ना तार, ना परवानगी. सगळ्यांना सगळ्यांशी एकांतात बोलता येतं, आणि बोलतात काय, तर जेवलास का. मला हसू येतं. पण अम्माच्या त्या चार वाक्यांना मला तेव्हाही हसू आलं नव्हतं, आणि आताही येत नाही.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर बडे अब्बांनी पहिला घास गिळला. पुरुषमंडळी म्हणजे तेच एकटे. बडी अम्मा चुलीशी, अम्मा वाढत होती, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"फातिमा, तू आज सलीमला जे बोललीस, ते मला आवडलं न्हाय."

"काय बोलले मी?"

"मलाच इचारतीस? समदं ऐकलंय मी. स्पीकरला कान लावून बसलो हुतो. 'आता बास, परत या' म्हणं! पोटासाठी गेलेल्या माणसाला बायकोनं असं मागं वढायचं असतं व्हय?"

मी तोंड उघडलं. अम्मानं माझ्याकडं न बघता नुसता हात आडवा केला.

"मग ते काय म्हणले?" तिनं विचारलं.

"काय म्हणणार? शाना हाय त्यो. म्हणला, आत्ता न्हाय जमायचं. आणखी दोन वर्षं. तुझ्या कानानं ऐकलंस की."

अम्मानं त्यांच्या ताटात गरम भाकरी टाकली. "व्हय," ती म्हणाली. "ऐकलं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या माणसानं भाकरीबरोबर वाढून घेतलं. तिच्या मनात काय आहे ते त्याला पहिल्यापासून पक्कं ठाऊक होतं, आणि अब्बांचं उत्तर त्याच्याच खिशात तयार होतं, दर दोन वर्षांनी काढून दाखवायला. का, तर अब्बा परत आले असते, की घरात दुसरा कर्ता पुरुष आला असता. उस्मानतात्यांची काठी ओसरीवर तेवढी उंच दिसली नसती. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यानं माझ्या आईची अर्धी उमर खाल्ली. मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही, आणि माफ करावं असं मला सांगणाऱ्यांशी मी फारसं बोलत नाही.

आमच्या खोलीत आल्यावर अम्मा कॉटवर बसली. बोटांना लागलेलं पीठ खरवडत म्हणाली, "मागल्या बारीला बी असंच म्हणले हुते, न्हाय का? त्येच्या आदल्या बारीला बी. ह्येच शब्द." ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. आठवडाभर तिनं भाकऱ्या थापल्या, गहू वाळवले, कन्हेरीहून मामा आला त्याला जेवू घातलं. बडे अब्बा मात्र खुशीत होते. ओसरीवर पाटकऱ्याला सांगत होते, की घरात कोण काय बोलतं ते सगळं आपल्या कानावरून जातं.

शुक्रवारी मटण शिजत होतं. ओसरी भरली. मोडेम केकाटून गप्प झालं, अब्बांचा आवाज आला, आणि बडे अब्बांनी सोसायटीचा विषय काढला. एवढ्यात अम्मा आली. चौकटीशी थांबली नाही. आत आली, खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाईसाब, उठा जरा."

"अगं, तुला तिकडं दिलंय की जोडून."

"तिकडं न्हाय. मी हितंच बोलणार."

माझी खात्री आहे, ते मानानं उठले नाहीत, नुसते चकित होऊन उठले. अम्मा त्या खुर्चीत बसली. तिनं माइक तोंडाजवळ ओढला. पदर डोक्यावर होता, पण आवाज मी कधी ऐकलेला नव्हता.

"ऐकताय न्हवं? मी बोलतीय."

स्पीकरमधून अब्बा म्हणाले, "कोण बोलतंय?"

ओसरीवर कुणी हसलं नाही.

"मी. नसीमची अम्मा. तुमची बायको."

"फातिमा? काय झालं? कोण आजारी हाय का?"

"कुणी आजारी न्हाय. मला एक सांगा. मी तुमाला कधी म्हणले का, आणखी दोन वर्षं तितंच ऱ्हावा म्हणून?"

"भाईनंच सांगितलं की. दर येळंला. तुझीच इच्छा हाय म्हणला. नसीमचं लगीन हुस्तवर येऊ नगा म्हणतीय, म्हणला."

बडे अब्बांनी कॉम्प्युटरच्या बटणाकडं हात नेला. "लाईन जाईल आता," असं काहीतरी ते म्हणत होते. दारातून बडी अम्मा म्हणाली, "हात लावू नगा त्येला." जन्मात पहिल्यांदा ती त्यांच्यावर ओरडली असावी, त्यांचा हात तिथंच थांबला. हातात तिच्या रश्शाची पळी होती.

"मी असं कधीच म्हणले न्हाय," अम्मा म्हणाली.

मग अब्बा म्हणाले, "भाई हाय का तितं? त्येला दे."

"हाय. हितंच उभे हायत. पर त्येंच्याशी न्हाय. माझ्याशी बोला. सही केली का?"

"न्हाय अजून."

"मग करू नगा. या."

स्पीकर खरखरू लागला. मी मनात म्हणत होते, आता तार तुटू नये, फोन कुणी उचलू नये. पहिल्यांदाच त्या यंत्रासाठी माझ्या तोंडून दुआ निघाली.

"येतो," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पर धा-बारा वर्षांचं सामान हाय, फातिमा. बांधायचं, पाठवायचं, म्हैना-दोन म्हैनं जात्याल."

"सामान ऱ्हाऊ द्या तितंच," अम्मा म्हणाली. "तुमी या."

अब्बा आले ते एका रेक्झिनच्या पिशवीनिशी. ना ब्लँकेटं, ना टॉर्च, ना खजूर. बडे अब्बा पुन्हा पुन्हा त्यांच्या मागं रस्त्याकडं बघत होते, शेवटी न राहवून म्हणाले, "बाकीचं मागनं येतंय व्हय?"

"न्हाय," अब्बा म्हणाले. "तिनं आणू दिलं न्हाय." आणि त्यांच्या समोरून चालत, ओळीनं तिन्ही खोल्या ओलांडून, ते शेवटच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.